गार मोटार आणि माझं इंग्रजी

चहा निवतोय, तो आधी घ्या. कारण मी जे सांगणार आहे त्यात माझी अक्कल कुठवर पोचली होती ते कळेल, आणि मग तुम्हाला चहाची आठवण राहायची नाही. हसलात तरी मला राग नाही. मी स्वतः हा किस्सा हसत हसतच सांगायला सुरुवात करतो. शेवटपर्यंत हसू टिकत नाही, एवढंच.

साल अठ्ठावन्न की एकोणसाठ. मी मूळचा धारचा. वडील तिथल्या संस्थानी मोटारखान्यात ड्रायव्हर होते. संस्थान विलीन झालं, मोटारखाना बंद पडला, आणि वडिलांच्या हाती एक खाकी कोट तेवढा उरला. मी देवासला आलो आणि एका बस सर्व्हिसच्या वर्कशॉपात फिटर म्हणून चिकटलो. हात चांगला होता माझा. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पुढे कामाला येईल म्हणून सांगतोय.

पण माझी कीर्ती हातामुळे नव्हती. मी मॅट्रिकला बसलेला मिस्त्री होतो. पास झालो नव्हतो, पण ते विचारतं कोण? डब्यावरचं इंग्रजी मी मोठ्यानं वाचायचो. बाकीचे मिस्त्री अंगठा लावणारे. त्यामुळे वर्कशॉपात कुठलाही खोका उघडला की मालक हाक मारायचे, "सदाशिवला बोलवा, वाचेल तो." आणि मी वाचायचो. न समजलेलं जरा जास्त जोरात वाचायचो.

देवासला तेव्हा दादासाहेब म्हणून एक जुने जहागीरदार राहायचे. जहागीर गेलेली, रुबाब शिल्लक. मुंबईहून मायदेशी परत जाणाऱ्या एका अमेरिकन इंजिनियराकडून त्यांनी एक जुनी मोटार घेतली होती. लांबलचक, आमसुलाच्या रंगाची. आणि तिच्यात काय होतं? गार हवेचं यंत्र. बाहेर वैशाख पेटलेला, आणि आत काचा लावून बसलं की अंगावर शहारा यायचा. मागच्या सीटच्या पाठीमागून दोन पारदर्शक नळ्या छतापर्यंत गेलेल्या, त्यांतून गार वारा यायचा. गाडी बाजारात उभी राहिली की लोक काचेला गाल लावून बघायचे. सगळं देवास तिला 'ठंडी मोटर' म्हणायचं.

चैत्र सरता सरता ठंडी मोटर आजारी पडली. पुढं इंजिनाजवळ, पट्ट्यावर फिरणारा एक लोखंडी गोळा होता. त्याचं नाव कॉम्प्रेसर. तो एक दिवस किंचाळला, पट्ट्यातून धूर निघाला, आणि गोळा जाम झाला. दादासाहेब म्हणाले, राहू दे, गाडी चालते ना, बास. आणि ते तिथंच संपलं असतं. पण आक्कासाहेब होत्या.

आक्कासाहेब म्हणजे दादासाहेबांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेल्या. त्यांचं माहेर, म्हणजे या सगळ्यांचं मूळ घर, निमाडातल्या धरमपुरीचं. नर्मदेच्या घाटावर त्यांचं बालपण गेलेलं. आता साठी उलटलेली, हृदयाचा विकार, चार पावलं चालल्या की धाप. त्यांना एकच ध्यास लागला होता. गंगा दशहऱ्याला धरमपुरीला जायचं आणि नर्मदेत उतरायचं.

डॉक्टर म्हणाले, "ज्येष्ठातल्या उन्हात निमाडात? मी परवानगी देणार नाही. ती तुमची गार मोटार चालू असती तर गोष्ट वेगळी."

"मग पावसाळ्यानंतर जाऊ," दादासाहेब म्हणाले.

"पावसाळ्यानंतर तू जा," आक्कासाहेब म्हणाल्या. "माझा काही भरवसा नाही."

असं झालं, आणि मग मला बोलावणं आलं.

बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडीचं बॉनेट उघडून दादासाहेब उभे. शेजारी त्यांचा ड्रायव्हर नाथूलाल, माळवी माणूस, गरीब स्वभावाचा. वर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत आक्कासाहेब.

"सदाशिव, जमेल का तुला?" दादासाहेबांनी विचारलं.

आता खरं सांगायचं तर असलं यंत्र मी जन्मात हाताळलं नव्हतं. मला म्हणता आलं असतं, की बघून सांगतो. त्यात कमीपणा होता का काही? पण वरून आक्कासाहेब म्हणाल्या, "त्याला कसलं विचारतोस, मुलगा इंग्रजी शिकलेला आहे." आणि मी म्हटलं, "जमेल."

दुसऱ्या दिवशी मी गोळा उतरवायला घेतला. त्याला दोन नळ्या जोडलेल्या होत्या. पहिलीचा नट सैल केला मात्र, आतून फुस्सकन पांढरा धूर सुटला आणि माझी दोन बोटं बधिर झाली. भाजली म्हणावं तर गार, गारठली म्हणावं तर आग होतेय. नाथूलाल चार हात मागे सरला. मिनिटभर ते फुसफुसत राहिलं आणि थांबलं.

"कंई थो भिया, यो?" नाथूलालनं विचारलं.

"खराब हवा," मी म्हटलं. "आत अडकून बसली होती. म्हणून तर मशीन बिघडलं. गेली ते बरं झालं."

त्या यंत्रात जे काही कामाचं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत देवासच्या आभाळात निघून गेलं होतं, आणि मी हात झटकत सांगत होतो, बरं झालं.

मुंबईच्या जुन्या मोटारींच्या बाजारात एका व्यापाऱ्याला मी पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी रेल्वे पार्सलनं लाकडी खोका आला. गवतात गुंडाळलेला, त्याच जातीचा कॉम्प्रेसर. जुना, पण चांगला. सोबत व्यापाऱ्याची टाइप केलेली इंग्रजी चिठ्ठी. दादासाहेबांनी ती मला व्हरांड्यात सगळ्यांसमोर वाचायला दिली.

चिठ्ठी दोन ओळींची. यंत्र बसवल्यावर जाणकार माणसाकडून सिस्टिम 'इव्हॅक्युएट' करून घ्यावी आणि 'गॅस'नं 'चार्ज' करावी, असं लिहिलं होतं. मी ती खणखणीत आवाजात वाचली. मग दादासाहेब म्हणाले, "म्हणजे काय करायचं?"

आता इव्हॅक्युएट. फाळणीनंतर इव्हॅक्यूई प्रॉपर्टी हा शब्द पोरासोरांच्या तोंडी होता. घर खाली करून गेलेली माणसं, ते इव्हॅक्यूई. म्हणजे इव्हॅक्युएट म्हणजे खाली करणं. बघा, इथपर्यंत माझं बरोबर होतं. गॅसपाशी मी क्षणभर अडलो. आणि मग आठवलं. वडिलांनी सांगितलं होतं, अमेरिकन लोक पेट्रोलला गॅस म्हणतात.

"सोपं आहे," मी म्हटलं. "मशीन बसवलं की टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण खाली करायचं आणि नवीन भरायचं."

"गॅस म्हणजे पेट्रोल?"

"अमेरिकेत तसंच म्हणतात."

"खरंय," दादासाहेब म्हणाले. "तो साहेब गाडी देताना मला म्हणाला होता, गॅस फुल्ल आहे. बरोबर वाचतो हा. आणि जाणकार माणूस?"

मी नुसता हसलो. जाणकार माणूस समोरच उभा होता.

आक्कासाहेबांनी मला वर बोलावून हातावर साखर ठेवली.

यंत्र बसवायला मला तीन दिवस लागले. तसं काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही. जुन्या पत्र्याची पट्टी कापून बैठक केली, पट्टा सुतासारखा सरळ लावला, एकेक नट घासून चकचकीत केला. हातानं फिरवलं तर गोळा लोण्यासारखा फिरत होता. मग टाकीतलं पेट्रोल उपसलं आणि दहा गॅलन नवं भरलं.

नाथूलाल सगळं बघत होता. तो हळूच म्हणाला, "भिया, बरफ का कारखाना में बी असोज मशीन हे. बद्री भिया के एक बार बताड़ी दां?"

बद्रीलाल म्हणजे बर्फाच्या कारखान्यातला मिस्त्री. मला त्याचा राग होता. का, तर वर्कशॉपात एकदा मी उलटी बसवलेली एक झडप त्यानं चार लोकांत दाखवून दिली होती, तीही हसत हसत. म्हणून मी नाथूलालला म्हटलं, त्याला दाखवायची काही गरज नाही. तरी नाथूलालनं त्याला आणलंच. त्या वेळी पोर्चमध्ये आम्ही तिघेच होतो.

बद्रीलालनं वाकून बघितलं. नळ्यांवरून बोट फिरवलं. "बैठक तो घणी अच्छी करी, भिया," तो म्हणाला. "गेस भरी दी?"

"भरली. काठोकाठ."

"कितरी?"

"दहा गॅलन."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "दस गेलन? कां भरी?"

"टाकीत. आणखी कुठं?"

"टाकी में तो पेट्रोल रे, भिया."

"अमेरिकेत त्यालाच गॅस म्हणतात, बद्री भिया."

"अमेरिका में कंई बी के," तो शांतपणे म्हणाला, "पेट्रोल से ठंडी नी होय. इन नली में अलग गेस लगे. म्हारे साथ इंदौर चाल, हूं दिलवई दूं."

मला तिथंच थांबता आलं असतं. माणूस स्वतःहून सांगतोय, सोबत यायला तयार आहे. पण मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बद्री भिया, तुम्ही तुमच्या बर्फाच्या लाद्या सांभाळा. हे इंग्रजी काम आहे, तुमच्या अंगठ्याचं नाही."

बद्रीलालनं चपला घातल्या आणि गेला. नाथूलाल खाली मान घालून फडक्यानं काच पुसत राहिला.

संध्याकाळी गाडी फिरवून बघितली. पंखा जोरात चालत होता, दिवस मावळलेला, नळीतून वारा येत होता. वारा म्हटला की थोडा गार लागतोच. मी नळीपाशी हात धरला आणि मनाला सांगितलं, गार आहे. दादासाहेबांनी हात धरला, ते म्हणाले, "पहिल्याइतकी नाही वाटत." मी म्हटलं, "मशीन अजून रुळायचं आहे. रस्त्यावर वेगात पळाली की बघा." आक्कासाहेबांनीही हात धरला. जरा वेळ डोळे मिटले आणि म्हणाल्या, "लागते रे गार."

बास. मला दाखला मिळाला.

आणि यावर मी आणखी एक शहाणपणा केला. आक्कासाहेबांना पहाटे चारला निघायचं होतं, उन्हाच्या आत पोचावं म्हणून. मी म्हटलं, "कशाला उगाच त्रास घेता? गाडी गार आहे. आंघोळ, पूजा, चहा, सगळं आटोपून आरामात आठला निघू." त्यांनी ऐकलं. माझं त्या घरात सगळं ऐकलं जायला लागलं होतं.

गंगा दशहऱ्याला आम्ही निघालो. नाथूलाल चालवायला, मी त्याच्या शेजारी, मागे दोघं भावंडं. आक्कासाहेबांनी इंदुरी पांढरं लुगडं नेसलं होतं, मांडीवर पूजेची पिशवी. देवास सोडेपर्यंत ठीक होतं. इंदूर आलं तेव्हा दहा वाजत आले होते आणि माझ्या पाठीला सदरा चिकटला होता.

"काच जरा खाली करू का?" दादासाहेबांनी विचारलं.

"नको नको," मी म्हटलं. "काच उघडली की सगळा गारवा जाईल."

कुठला गारवा? पण त्यांनी काच लावून ठेवली. महू गेलं. मानपूरचा घाट लागला. गाडीच्या पाठीमागची तापलेली हवा त्या नळ्यांतून आमच्याच डोक्यावर ओतली जात होती, भडभुंज्याच्या दुकानासमोरून जाताना लागते तशी. नाथूलालच्या कपाळावरून घाम टिपकत होता, आणि तो बिचारा पुसतही नव्हता, मला वाईट वाटेल म्हणून. मी रुमाल काढला, घाम पुसला आणि म्हटलं, "घाट उतरला की मशीन पकड घेईल."

आरशात मला आक्कासाहेब दिसत होत्या. त्या ओला पंचा कपाळाला लावून गप्प बसल्या होत्या. मी एकदा मागे वळून विचारलं, "बरं वाटतंय ना, आक्कासाहेब?" त्यांनी मान हलवली. मी ती हो अशीच धरली.

घाट उतरून गुजरीला पोचलो. बारा वाजून गेले होते. "दादा," एवढंच मागून ऐकू आलं. वळून बघितलं तर आक्कासाहेब भावाच्या खांद्यावर कलंडल्या होत्या, ओठ निळसर पडलेले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. दादासाहेबांनी दार लाथेनं उघडलं. बाहेर लू चालली होती, पण आतल्यापेक्षा ती बरी होती, यावरून काय ते समजा. रस्त्याकडेच्या चहावाल्यानं बाज दिली, छपराखाली सावलीत त्यांना निजवलं, त्याची बायको माठातलं पाणी घेऊन आली आणि त्यांचे तळपाय चोळत बसली. तासाभरानं त्यांनी डोळे उघडले. धरमपुरी तिथून दहा-बारा मैल राहिली होती.

दादासाहेब म्हणाले, "आक्का, आता परत फिरायचं. मी नाथूला पाठवून तांब्याभर पाणी आणवतो."

"तांब्यातली नर्मदा देवघरातही आहे रे," त्या म्हणाल्या. "मला पाय बुडवायचे होते."

ऊन कलल्यावर आम्ही फिरलो. सगळ्या काचा खाली. दादासाहेब मला एक शब्द बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

दुसऱ्या दिवशी मी बर्फाच्या कारखान्यात गेलो. मला वाटलं होतं बद्रीलाल हसेल. तो हसला नाही. त्यानं मला आत नेलं आणि बोटानं दाखवत समजावलं. गोळा गारवा करत नाही, तो नुसता ढकलतो. नळ्यांत एक वेगळाच गॅस कोंडलेला असतो, तो फिरतो आणि आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. जुना गोळा काढताना पांढरा धूर होऊन गेला, तोच तो. नवा बसवल्यावर आधी पंपानं नळ्यांतली साधी हवा काढायची, म्हणजे इव्हॅक्युएट, आणि मग तो गॅस भरायचा. इंदूरला फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे सिलिंडर मिळतो.

"किती दिवसांचं काम?" मी विचारलं.

"आधा दिन को," तो म्हणाला.

आठवडाभर माझा बंगल्यावर जायचा धीर झाला नाही. मग गेलो. आक्कासाहेब पलंगावर होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठी, पेट्रोल, बद्रीलालला काय बोललो ते, काही ठेवलं नाही. म्हटलं, अर्ध्या दिवसात मोटार गार करून देतो, आपण पुन्हा जाऊ.

"आता नको," त्या म्हणाल्या. "आता मला जिना उतरवत नाही."

मी विचारलं, "आक्कासाहेब, तुम्हाला गाडीत कळलं नाही का, की हवा गरम आहे?"

"इंदूरच्या आधीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकं ठासून सांगत होतास, बाळा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं गाडी गारच असेल, माझंच अंग तापलं असेल."

 

मार्गशीर्षात त्या गेल्या. दादासाहेबांनी मोटार इंदूरच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकली. मला पुन्हा त्या बंगल्यावर कुणी बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, मी वर्कशॉपात बसचं चाक खोलून बसलो होतो. दारात ती आमसुली मोटार येऊन उभी राहिली. भर उन्हातही सगळ्या काचा बंद. टायरमध्ये हवा कमी होती. मी उठून हवा भरायला लागलो. दार उघडून इंदूरचा एक मिस्त्री खाली उतरला, तर त्याच्याबरोबर गार वाऱ्याचा एक झोत माझ्या पायांवर आला.

मी विचारलं, "ठंडी चलती है?"

"एकदम बरफ," तो म्हणाला. "गॅस नहीं थी, बस. मैंने आधे दिन में भर दी." मग त्यानं बॉनेट उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "ये देखो भिया. कंप्रेसर की बैठक देखो. पूरे इंदौर में ऐसा हाथ नहीं है. सुना है यहीं देवास के किसी मिस्त्री का काम है. सेठ उसको अच्छी नौकरी देना चाहता है. जानते हो उसे?"

मी त्या बैठकीकडे बघितलं. नट अजून चकचकीत होते.

"जानता था," मी म्हटलं. "वो तो पिछले साल गुज़र गया."

त्यानं हळहळून मान हलवली. "बड़ा गुणी आदमी रहा होगा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हां. अंग्रेज़ी भी जानता था."